कॅमेऱ्यापुरते दात

मुलाखतीला कुणी आलं की एक प्रश्न ठरलेला. लहानपणी एवढं नाव झालेली मुलं मोठेपणी दिसेनाशी होतात, मग तुम्ही कशा टिकलात? मी खरं ते सांगते. म्हणते, दाताच्या डॉक्टरमुळे. समोरची मुलगी हसते, वहीत काहीतरी खरडते आणि पुढच्या प्रश्नाकडे वळते. छापून येतं तेव्हा त्या जागी 'आईवडिलांचा पाठिंबा, जिद्द आणि मेहनत' असलं काहीतरी असतं. आता पाठिंबा म्हणाल तर आईचा होता, वडिलांनी त्या डॉक्टरांशी सात वर्षं अबोला धरला होता. आणि मेहनतीचं काय, लोणावळ्याजवळच्या आमच्या वलवणमध्ये सगळेच करतात. म्हणून म्हटलं, एकदा आपणच लिहून टाकावं, म्हणजे मधे कुणी हात घालणार नाही.

डॉक्टर जाऊन तीन वर्षं झाली. लोणावळ्याच्या बाजारात एका चिक्कीच्या दुकानाच्या माडीवर त्यांचा दवाखाना होता. चिक्कीच्या वर दाताचा दवाखाना, यावर येणारा प्रत्येक पर्यटक विनोद करायचा आणि प्रत्येकाला तो आपल्यालाच पहिल्यांदा सुचला असं वाटायचं. डॉक्टर मात्र ते नातं मनापासून पाळायचे. सकाळी स्टेशनवरून चालत येताना वाटेतल्या एकूण एक चिक्कीवाल्याला थांबून नमस्कार करायचे आणि 'काय अन्नदाते, बरं आहे ना' म्हणून विचारायचे. दुपारी चार वाजता स्वतः शेंगदाण्याची एक वडी कडाकडा चावून खायचे. पेशंटला मनाई आणि तुम्ही कसे खाता, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, आचाऱ्यानं चव घेऊन बघायला नको का.

राहायला ते बेगडेवाडीला. तिथून लोकलनं रोज लोणावळ्याला. एवढं शिकलेला माणूस, तळेगाव सोडून, चिंचवड सोडून इतक्या लांब दवाखाना का टाकतो, याचं लोकांना कोडं होतं. त्यांचं उत्तर सरळ होतं. त्यांना गाडीत बसलं की झोप लागायची आणि लोणावळा हे लोकलचं शेवटचं स्टेशन, कितीही गाढ झोप लागली तरी चुकायचं नाही. परतीच्या गाडीला मात्र ते दार धरून उभ्यानं जात, कारण एकदा बसले होते ते थेट शिवाजीनगरला जागे झाले. लग्न केलं नव्हतं. त्यावर कुणी विचारलंच तर म्हणत, दिवसभर इतक्या जणांची तोंडं बघतो, घरी गेल्यावर भिंत बघावीशी वाटते.

नावं त्यांच्या लक्षात राहत नसत. लक्षात राहायचं गाव आणि दात. 'औंढे, खालची डावी दाढ' अशी आतून हाक आली की जिन्यावर टेकलेले औंढ्याचे एक आबा धोतर सावरत उठायचे. एकाच गावची दोन माणसं एकाच दाढेची निघाली की जिन्यावर भांडण ठरलेलं. मला ते शेवटपर्यंत 'वलवण' म्हणत. आज माझं नाव पोस्टरवर मोठ्या अक्षरात येतं, पण त्यांनी ते उभ्या जन्मात एकदाही घेतलं नाही. मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. उलट सेटवर कुणी फारच 'मॅडम, मॅडम' करायला लागलं की मला त्या हाकेची आठवण येते.

तर मी सात वर्षांची होते तेव्हाची गोष्ट. वलवणला एक मोठा बंगला आहे, तिथे बाबा माळी होते आणि आई स्वयंपाकाला. बंगला मालिकांच्या शूटिंगला भाड्यानं जायचा. शाळा सुटली की मी आईच्या मागे स्वयंपाकघरात. एके दिवशी मालिकेतली ठरलेली मुलगी तापानं आली नाही, आणि दिग्दर्शकांनी वेळ मारून न्यायला मला उभं केलं. समोर एक बाई रडत होत्या. मला कुणीतरी ओळ पढवली होती, ती मी विसरले. आई सांगते, मी त्या बाईंच्या जवळ गेले आणि म्हणाले, "मावशी, रडू नगा. च्या आनू का?" दिग्दर्शकांनी तोच शॉट ठेवला. ती तापानं आजारी पडलेली मुलगी बिचारी परत आलीच नाही. मालिकेतली धाकटी मुलगी, मनू, ती मी झाले. दोन महिन्यांत अशी वेळ आली की लोणावळ्याला आलेली माणसं बंगल्याच्या फाटकाशी 'मनू आहे का, मनू' म्हणून विचारायला लागली, आणि बाबा झाडांना पाणी घालता घालता म्हणायचे, ती आमचीच पोरगी हाय.

मग माझे दात पडले. मनूच्या वाढदिवसाचा प्रसंग अर्धा झाला होता. मनू केकवर फुंकर मारायला वाकली, इथे दिवस संपला. फुंकर दुसऱ्या दिवशी मारायची होती. संध्याकाळी भाकरी खाताना वरच्या समोरच्या दोन दातांपैकी एक भाकरीतच राहिला. मी आरशात पाहिलं. दुसरा एकटा अगदीच विचित्र दिसत होता, म्हणून मी तोही हलवून हलवून उपटून काढला, म्हणजे सगळं सारखं दिसेल. सकाळी मी मोठ्या अभिमानानं तोंड उघडून दाखवलं तेव्हा प्रॉडक्शन मॅनेजर खुर्चीवर बसले आणि त्यांनी डोकं धरलं. दात असलेली मनू केकपाशी वाकते आणि वर येते तेव्हा तिचं बोळकं झालेलं असतं, असं कसं चालणार. मला गाडीत घातलं आणि लोणावळ्यात जो पहिला दाताचा दवाखाना सापडला तिथे नेलं.

डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. टाळूला चिकटून बसणारी एक इवलीशी पट्टी आणि तिला पुढे दोन दुधाचे वाटतील असे दात, असं त्यांनी करून दिलं. पण अट घातली. दात त्यांच्याकडेच राहतील. शॉटच्या आधी ते स्वतः येऊन लावतील आणि शॉट झाला की काढतील. हिरडीतून खरे दात यायला निघालेत, त्यांची वाट अडवायची नाही. मॅनेजर म्हणाले, हे कसं शक्य आहे, तुमचा दवाखाना आहे, आमचं दिवसभर चालतं. डॉक्टर म्हणाले, मग तसंच बोळकं दाखवा. झालं. जवळपास पाच महिने डॉक्टर स्टीलची एक लहान डबी घेऊन सेटवर यायचे आणि दवाखान्याच्या दारावर पाटी असायची, 'दात लावायला वलवणला गेलो आहे.' लोकांना वाटायचं, वलवणच्या धरणावर कुणाचा तरी अपघात झालाय.

त्या पाच महिन्यांत त्यांनी एक शिरस्ता पाडला. दात लावण्यापूर्वी ते माझ्यासमोर उकिडवे बसायचे आणि विचारायचे, हे दात कुणाचे. मी म्हणायची, मनूचे. मग तू कोण. मी म्हणायची, मी वलवणची. मग ते दात लावायचे. 'कट' म्हटलं रे म्हटलं की लाइटमनच्या आधी ते पुढे, हात पसरून. मनूचे दात परत. मी काढून द्यायची, ते मिठाच्या पाण्यात विसळून डबीत ठेवायचे. मधल्या वेळात ते दात तोंडात ठेवून कुणाशी बोलायचं नाही, खायचं नाही, हसायचं नाही. खोटे दात कॅमेऱ्यापुरते, असं त्यांचं म्हणणं. आईशी बोलायचं ते तुझं तू, बोळक्यानं. सेटवर सगळे त्यांची टिंगल करायचे. मेकअपवाले दादा त्यांना 'दंतमहाराज' म्हणायचे. मी सात वर्षांची, मला तो खेळच वाटायचा. पण आज तीस ओलांडल्यावर सांगते, घरी जाताना भूमिका सेटवरच ठेवून जायची, हे लोक मोठमोठ्या शिबिरांत शिकतात. मला ते एका माणसानं तळहात पसरून शिकवलं.

एकदा मुंबईहून वर्तमानपत्राचे फोटोग्राफर आले. जेवणाची सुट्टी झाली होती, दात डबीत गेले होते. मॅनेजर म्हणाले, दोन मिनिटं लावा, फोटो काढतात. डॉक्टर म्हणाले, फोटो मनूचा आहे की हिचा. मॅनेजर चिडले, म्हणाले, अहो, दोन्ही एकच ना. डॉक्टरांनी डबी खिशात टाकली, चपला घातल्या आणि फाटकातून बाहेर पडून स्टेशनच्या रस्त्याला लागले. मागून प्रॉडक्शनची गाडी हळूहळू चाललीय, मॅनेजर खिडकीतून हात जोडतायत, आणि डॉक्टर रस्त्याच्या कडेनं शांतपणे चालतायत. शेवटी जेवणानंतरच्या शॉटला यायचं कबूल करून ते परत फिरले, फोटोला दात मिळाले नाहीतच. पेपरात माझा बोळकं उघडून हसणारा फोटो आला. आईनं तो अजून देव्हाऱ्याच्या शेजारी चिकटवून ठेवलाय.

डॉक्टर मालिका बघायचे, पण खालच्या चिक्कीच्या दुकानात उभं राहून, आवाज बंद करायला लावून. गिऱ्हाइकं वैतागायची. आवाजामुळे फसगत होते, असं ते म्हणत. दुसऱ्या दिवशी सेटवर आले की शेरा द्यायचे. काल रडलीस ते खोटं होतं, हनुवटी हलली, गाल हलले नाहीत. किंवा, काल पाणी प्यालीस ते चांगलं होतं, तहान लागली होती ना. मला खरंच लागली होती. अशा माणसापासून लपवायचं तरी काय.

आता येते ती गोष्ट, जिच्यासाठी हे लिहायला घेतलं. मनूची मालिका संपली, मग दुसरी, मग जाहिराती. मी साडेअकरा वर्षांची झाले. अंगानं बारीक, उंची कमी, त्यामुळे अजून आठ वर्षांची शोभायची. एका नव्या मालिकेत आठ वर्षांच्या मुलीचं मुख्य काम होतं आणि ते मलाच द्यायचं असं जवळजवळ ठरलं. अडचण एकच निघाली, तोंड. समोरचे दोन दात आता मोठ्या माणसाचे होते, फावड्यासारखे, आणि वरचे सुळे वाकडे चढून आले होते. डॉक्टरांनी सहा महिने आधीच माप घेऊन ठेवलं होतं, तारा बांधायलाच हव्यात म्हणून, पण शूटिंगमुळे ते पुढे पुढे ढकललं जात होतं. प्रॉडक्शनकडून निरोप आला की ते दोन दात थोडे घासून लहान करून घ्या, सुळ्यांचं आम्ही कॅमेऱ्यात बघून घेऊ. सोमवारी शूटिंग सुरू. आज शुक्रवार.

बाबा, आई आणि मी दवाखान्यात गेलो. धाकटी बहीण आजीपाशी ठेवली होती. बाबांनी त्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घातला होता. मी त्यांना दोष देत नाही, हे आधीच सांगते. माळ्याचा सदरा घालून वावरलेल्या माणसाला चार वर्षं लोक 'मनूचे बाबा' म्हणून खुर्ची देत होते, ती खुर्ची काढून घेतली जाईल अशी त्यांना भीती वाटत होती. मलाही वाटत होती. शाळेत मला मैत्रिणी नव्हत्या, कारण मी तिथे फारशी नव्हतेच. मनू नाही, तर मी कोण, हे मला माहीत नव्हतं.

डॉक्टरांनी बाबांना खुर्चीत बसवून नीट समजावून सांगितलं. केस कापले तर वाढतात, नखं कापली तर वाढतात, दात घासला तर गेला तो गेला. हिला हे दात सत्तर वर्षं पुरवायचे आहेत. बाबा म्हणाले, "डॉक्टर, जरासंच म्हणत्यात. तुमी न्हाई केलं तर पुन्यात कुणीबी करंल. पोरीचं भलं व्हतंय, त्यात तुमचं काय जातंय?" तेवढ्यात बाबांचा मोबाइल वाजला, मॅनेजरचा होता. माडीवर आवाज नीट येत नव्हता, म्हणून बाबा जिना उतरून खाली रस्त्यावर गेले.

डॉक्टरांनी उठून दाराला आतून कडी घातली. मग ते माझ्यासमोर बसले. त्यांना मी इतकं गंभीर कधी पाहिलं नव्हतं. म्हणाले, "वलवण, तारा बांधल्या तर दोन वर्षं तुला कुणी आठ वर्षांची म्हणणार नाही. काम जाईल. परत मिळेल की नाही, मी सांगू शकत नाही. पण तू मोठी होशील. घासले तर सोमवारी काम आहे, पण मग दर वर्षी काहीतरी घासावं लागेल. बोल."

मी आईकडे बघितलं. आता माझी आई म्हणजे अशी बाई, जी चार वर्षांत सेटवर कुणाशी चार वाक्यं बोलली नव्हती. घरात बाबांपुढे तिनं कधी आवाज चढवला नव्हता. ती भिंतीशी उभी होती, पदर मुठीत धरून. तिनं दाराच्या कडीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"बांदा तारा," ती म्हणाली. "म्या हाय."

दीड-दोन तास लागले. आधी दात साफ करायचं ते यंत्र फिरायला लागलं, घुर्रर्र आवाज करत. बाबा वर आले तर दाराला कडी. त्यांनी तो आवाज ऐकला आणि त्यांना वाटलं, डॉक्टर ऐकले शेवटी, घासायला सुरुवात झाली. ते खूश होऊन पुन्हा खाली गेले आणि त्यांनी मॅनेजरना फोन करून सांगितलं, काम चालू झालं, काळजी करू नका. खालच्या दुकानदाराला सांगितलं, नवीन मालिका लागतेय, बघा. एवढंच नव्हे, त्याच्याकडून अर्धा किलो चिक्की घेऊन तिथल्या चार गिऱ्हाइकांना वाटलीसुद्धा. दार उघडलं तेव्हा बाबा हातात उरलेली पुडी घेऊन जिन्यावर उभे होते आणि मी तोंडभर लोखंड घेऊन बाहेर आले.

त्यांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग डॉक्टरांकडे. हात वर गेला होता. आई मधे येऊन उभी राहिली आणि म्हणाली, मी सांगितलं, मला मारा. बाबांनी मारलं नाही. पुडी जिन्यावर ठेवली आणि एकटेच चालत वलवणला गेले.

काम गेलं. ज्या मुलीला मिळालं ती खूप नावाजली, आम्ही ते रोज टीव्हीवर बघत होतो, कारण बंद करू म्हणायची कुणाची हिंमत नव्हती. गावात लोक म्हणायचे, डॉक्टरनं पोरीचं नशीब तारेनं बांधून टाकलं. शाळेत मुलं 'कुंपण' म्हणायची. बाबा फाटकाशी आलेल्या कुणालाच काही सांगेनासे झाले. मी रोज आरशासमोर उभी राहून डॉक्टरांना शिव्या द्यायची. शिव्यासुद्धा त्या तारांमुळे नीट यायच्या नाहीत, त्याचा आणखी राग यायचा. खरं सांगते, दोन वर्षं मी त्या माणसाचा मनापासून द्वेष केला.

आणि दर महिन्याला तारा आवळून घ्यायला जायचं मात्र त्यांच्याकडेच. आई नेऊन बसवायची. बाकावर तारा बांधलेली मी एकटीच असायची, बाकी सगळी दाढदुखीची मंडळी. आवळून झालं की डॉक्टर मला सोडायचे नाहीत. चिक्की बांधून आलेला वर्तमानपत्राचा कागद पुढे धरायचे, वाच म्हणायचे. तारांमुळे माझी जीभ अडखळायची. एकेक शब्द स्वच्छ येईपर्यंत वाचून घ्यायचे. मग म्हणायचे, आता हेच तुझ्या आजीच्या बोलीत सांग. 'धरण क्षेत्रात समाधानकारक पाणीसाठा' हे आजीच्या बोलीत सांगताना मी रागातही हसायची. म्हणायची, "धरनात पानी लय हाय, आता कुनी बोंबलू नगा." ते ऐकून जिन्यावरचे पेशंट हसायचे. कधी औंढ्याचे आबा बाकावरूनच दुरुस्ती सुचवायचे, तोंडात कापूस असला तरी. डॉक्टर म्हणत, दोन्ही ठेव, एकही घासू नकोस. मला तेव्हा वाटायचं, म्हाताऱ्याला वेळ जात नाही म्हणून माझा छळ चाललाय. आज गावातली बाई करायची असो की कोर्टातली वकीलबाई, माझी जीभ अडत नाही. मोठे मोठे लोक विचारतात, कुठे शिकलात. काय सांगणार, चिक्कीच्या कागदावर.

चौदाव्या वर्षी तारा निघाल्या. त्यानंतर चार वर्षं मला कुणी बोलावलं नाही, कारण मनू कुणाला आठवत नव्हती आणि मी अजून कुणी झाले नव्हते. पण एक झालं, मला मैत्रिणी मिळाल्या. दहावी झाली. भातलावणीला शेतात उभी राहिले. आजी आजारी पडली तेव्हा तिचं सगळं मी केलं. तळेगावला कॉलेजात गेले, तिथे एकांकिकेसाठी मुलं नावं देत होती, मी शेवटचं नाव दिलं. माझ्या वाट्याला चाळीस वर्षांची भाजीवाली आली. निवड करणाऱ्या सरांना मी कोण होते याचा पत्ताच नव्हता. मनूची ओळख न सांगता मिळालेलं ते माझं पहिलं काम. ते करताना मला आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचा अभिमान वाटला, आणि तो मी आजवर कमी होऊ दिलेला नाही.

ती एकांकिका पुण्याला गेली. तिथे बसलेल्या एका दिग्दर्शकानं मला त्याच्या चित्रपटात घेतलं. मोठं काम होतं, पोरीची नव्हे, बाईची भूमिका. मी एकोणीस वर्षांची होते तेव्हा तो लागला. बाबा आईबरोबर बघायला गेले. मी घरीच थांबले, मला त्यांच्या शेजारी बसवेना. परत आल्यावर बाबा ओट्यावर बसले. आईला म्हणाले, ती आपलीच पोरगी व्हती व्हय. आई म्हणाली, मंग कुनाची. बाबा म्हणाले, मला वळखू आली न्हाई गं, मला वाटलं कुनी मोठी नटी हाय. आणि ते रडायला लागले. मी बाबांना त्याआधी कधी रडताना पाहिलं नव्हतं. सकाळी उठून त्यांनी इस्त्रीचा शर्ट काढला आणि म्हणाले, चला, दवाखान्यात जाऊ.

आम्ही तिघं पेढे घेऊन जिना चढलो. सात वर्षांनी बाबांना दारात बघून डॉक्टर उठून उभे राहिले. मला वाटलं, आता डॉक्टर म्हणतील, बघा, मी सांगत होतो. त्यांचा तो हक्कच होता. ते पेढा हातात घेऊन नुसते बसले. बाबांनी हात जोडले. म्हणाले, "डॉक्टर, तुमाला समदं कळत व्हतं. आमालाच अक्कल न्हवती. माफी करा."

डॉक्टर मान हलवत होते. मग बोलले ते इतक्या हळू की मला पुढे वाकावं लागलं.

"मला काहीही कळत नव्हतं," ते म्हणाले. "दात कळत होते. पुढचं नाही. त्या दिवशी तुम्ही जिन्यावर पुडी ठेवून गेलात, ती मी उचलली. तेव्हापासून मी रोज स्वतःला विचारतोय, या पोरीचं आयुष्य मी बिघडवलं की काय. त्यानंतर एकाही मुलाला मी तारा बांधलेल्या नाहीत. आले की तळेगावला पाठवून देतो. सांगतो, नजर गेली. नजर ठीक आहे. हात धजत नाही."

मला एकदम तो बाक आठवला, ज्यावर तारांची मी एकटीच असायची. दोन वर्षं मी त्यांना शिव्या दिल्या आणि ते मात्र सात वर्षं देत होते, स्वतःला. मी काही बोलायच्या आत बाबा बोलले.

म्हणाले, "हिची धाकटी बारा वर्साची झालीय. तिचे दात पार पुढं आल्यात. कोन काय म्हनंल म्हनून मी कुटं नेली न्हाई. तिला तारा बांदा. तुमीच बांदा. कागदावर सई मी करतो."

डॉक्टरांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला, परत घातला. बराच वेळ ते आपल्या दोन्ही हातांकडे बघत होते. मग त्यांनी वही उघडली, आत काहीतरी लिहिलं आणि नेहमीच्या खडूस आवाजात म्हणाले, शनिवारी नऊला आणा, उशीर चालणार नाही.

शनिवारी साडेआठलाच बाबा धाकटीला घेऊन जिन्यावर बसले होते.